विरोधातलं एक मत

इतिवृत्तात नोंद आहे:
बाजूने अकरा, विरोधात एक.
तो एक म्हणजे मी.

ग्रंथालयाचं छप्पर गळतंय, म्हणाले होते,
जर्मन विभागाला कुलूप लागलंय,
आणि तुम्ही लाखो पौंड घालून
असा रस्ता बांधणार
जो फिरून फिरून निघाला तिथंच येतो?
डीन हसले. सगळे हसले.
हात मात्र अकराच्या अकरा वर गेले.

मग मातीचे नमुने माझ्याच टेबलावर आले.
डंडीत माती वाचणारी मी एकटी नाही,
फुकटात वाचणारी मात्र मीच.
वर वाहनतळाचं डांबर, खाली खडी,
खडीखाली गिरणीची राख,
राखेत काळी पडलेली तागाची दोन सुतं,
बंगालातून बोटीनं आलेली,
शंभर वर्षं अंधारात निजलेली.
त्याच्याही खाली निळसर चिकणमाती, शिंपल्यांसकट.
टे नदी कधीकाळी इथवर पाय पसरून बसत असणार.
अहवालात लिहिलं: आधी पाणी काढा. बाकी सगळं नंतर.

दीड वर्ष चर, पाइप, वाळू, चिखल.
एप्रिलमध्ये बघते तर खिडकीखाली
उघड्या चोपडीसारखं लाल काहीतरी,
आठ रकान्यांचं,
अजून कोरं.

फायद्यांची यादी माहितीपत्रकात होती:
पदकं, प्रवेशसंख्या, आरोग्य, दात दाखवणारी मुलं.
हे त्यात नव्हतं,
की डिसेंबरात चारलाच काळोख पडतो इथं,
आणि एकवीस हिवाळे मी त्या वाहनतळातून
किल्ली बोटांच्या बेचक्यात धरून
बसस्टॉपपर्यंत गेले.
आता दिवे रात्री दहापर्यंत. कुणी ना कुणी पळतंच असतं.
किल्ली पर्समध्ये राहते.
केव्हापासून, ते आठवत नाही.

मंगळवारी तलावाचे पडदे ओढतात, तासभर फक्त बायका.
फार्मसीची इफ्राह, बाह्या मनगटापर्यंत,
सफाईच्या मिसेस कटनॅक, शिफ्ट संपवून थेट,
आणि त्रेपन्नाव्या वर्षी मी, काठ न सोडणारी.
एलीनं पाठीखाली दोन बोटं धरली होती.
'सोडू नकोस हं,' म्हणाले.
'मघाशीच सोडलीत,' ती म्हणाली,
आणि मी लगेच बुडाले.

गीकी सर, ज्यांनी ठराव मांडला होता तेच,
छाती उघडून, शिवून परत आले
आणि आठव्या लेनमध्ये चालू लागले.
बाहेरची लेन लांब पडते, मी म्हटलं.
म्हणूनच, ते म्हणाले. इथं कुणाला घाई नसते.
आम्ही चालतो. जर्मन विभागावरून भांडतो.
ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर बादली अजून आहे.
तत्त्वतः मी अजूनही विरोधातच.
पायांना कळवायचं राहून गेलंय.

कुंपणापलीकडे हिलटाउनची पोरं उभी राहतात.
ओळखपत्र नाही. महिन्याचे अठरा पौंड नाहीत.
त्यांच्याच कुणा पणजीनं विंचरला असेल
तो ताग, जो मी भोक पाडून वर काढला.
मी ठराव मांडला: रविवारी फाटक उघडं ठेवावं.
बाजूने पाच, विरोधात सात.
विमा, म्हणाले. पृष्ठभागाची झीज, म्हणाले.
ह्या वेळी कुणी हसलं नाही.

रविवारी पोरं कुंपण चढून येतात.
चौकीतला डूगल
बरोबर तेवढा वेळ
वाकून हातमोजा शोधत असतो,
दोन्ही हातांत मोजे घालून.
मी आठव्या लेनमधून मोजते.
आज नऊ जण,
आणि एक कुत्रा,
जो पहिल्या लेनमध्ये, उलट्या दिशेनं,
सगळ्यांच्या पुढे.